वाचनालयाचा नवा कॉम्प्युटर आणि पावणेचार जीबीची फाईल

गणपती गेले आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या वाचनालयाचा नवा कॉम्प्युटर आला. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्यापासून १८ किलोमीटर आत, पुस्तकं चौदा हजारांच्या वर आणि त्यांच्या नोंदी अजून दाखल रजिस्टरमध्ये हातानं. जुना कॉम्प्युटर २०१२ सालचा, त्यावर विंडोज ७, आणि त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलेला. मुंबईला असलेल्या गावच्याच एका कुटुंबानं देणगी दिली म्हणून नवा घेता आला, रायझन ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क, आणि आत काहीही नाही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेली नाही, कारण लायसन्सचे पैसे देणगीत बसत नव्हते. दुकानदार म्हणाला होता की मॅडम मी विंडोज टाकून देतो, पैशाचं बघू नका, पण वाचनालयाला शासनाचं अनुदान आहे, तपासणी होते, तिथं बिनलायसन्सचं काही ठेवायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं होतं.

डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायची हे पण ठरलेलं होतं. कोहा म्हणून वाचनालयासाठीचं फुकट सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९-२००० च्या सुमारास बनलेलं, आता जगभर वापरतात, आणि ते चालवणारी बहुतेक मंडळी डेबियनवर चालवतात. डेबियन १३ नुकतंच म्हणजे ९ ऑगस्ट २०२५ ला आलेलं आणि ६ सप्टेंबरला त्याचं १३.१ पण आलं होतं. मला वाटलं फाईल उतरवायची, पेनड्राईव्हवर टाकायची, संध्याकाळपर्यंत काम होईल. प्रत्यक्षात बारा दिवस गेले, आणि ते सगळे दिवस एकाच प्रश्नात गेले की कुठली फाईल आणि कशावर. हे लिहितेय कारण आमच्यासारख्या ठिकाणी बसून हे करणारे बरेच जण असणार, आणि नेटवर जे सल्ले मिळतात ते घरात फायबर असलेल्या माणसांनी दिलेले असतात.

तर डेबियनच्या साईटवर गेलं की समोरच जे डाउनलोड देतात ती नेटइन्स्ट नावाची इमेज असते, इमेज म्हणजे अख्खी इन्स्टॉलची तबकडी एकाच फाईलीत (तिलाच आयएसओ पण म्हणतात), साधारण पाऊण जीबीच्या थोडी वर. मी बघितलं आणि बरं वाटलं, कारण वाचनालयात लाईनचं नेट नाही, माझ्या मोबाईलचं नेट आहे, रोजचं दीड जीबीचं रिचार्ज. पाऊण जीबी म्हणजे एका दिवसाच्या डेटात आरामात बसते. उतरवली, जुन्या कॉम्प्युटरवर रुफस, म्हणजे इमेज पेनड्राईव्हवर लिहिणारा प्रोग्राम, चालवायला गेले तर नवीन रुफस विंडोज ७ वर चालतच नाही, ३.२२ ही शेवटची आवृत्ती चालते, ती शोधून घेतली, आणि माझ्याकडे आधीपासून असलेल्या ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर ती इमेज टाकली. रुफस विचारतो की आयएसओ मोड की डीडी मोड, मी डीडी घेतला, त्यात इमेज जशीच्या तशी बाइट टू बाइट उतरते. एक सांगून ठेवते, डीडी मोडनं लिहिलेला पेनड्राईव्ह परत विंडोजमध्ये लावला की विंडोज म्हणतं फॉरमॅट करायचा का, तेव्हा घाबरून हो म्हणायचं नाही.

नव्या मशीनला पेनड्राईव्ह लावला, चालू करताना एफ १२ दाबून बूट मेनू आणला, त्यात एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो, एका नावाच्या आधी यूईएफआय (मशीन चालू होण्याची नवी पद्धत) लिहिलेलं असतं, ते निवडलं. इन्स्टॉलर सुरू झाला. ग्राफिकल इन्स्टॉल घेतलं तर भाषांच्या यादीत मराठी आहे बरं का! मी ‘मराठी’ निवडलं आणि पुढची सगळी पानं मराठीत आली, आमच्या शिपाईमामांना बोलावून दाखवलं, ते दोन मिनिटं उभे राहून वाचत होते.

आणि मग नेटवर्कचं पान आलं.

नेटइन्स्टमध्ये फक्त पाया असतो, इन्स्टॉलर आणि सगळ्यात गरजेची पॅकेजं, बाकी डेस्कटॉप, ऑफिस, फॉन्ट, जे जे लागेल ते सगळं ती तिथल्या तिथं नेटवरून ओढते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, वाचलेलं होतं, पण ‘ओढते’ म्हणजे किती याचा हिशोब केला नव्हता. त्यात मशीनला वायफाय नाही, लॅनचं पोर्ट आहे पण लॅनची वायर कुठून येणार, म्हणून एक छोटा यूएसबी वायफाय डोंगल घेतला होता, तो इन्स्टॉलरला दिसेचना. भाचा रत्नागिरीला डिप्लोमाला आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला मावशी, डोंगल सोड, मोबाईल वायरनं लाव आणि यूएसबी टिथरिंग चालू कर, मग एक पायरी मागं जाऊन नेटवर्क हार्डवेअर परत शोधायला सांग. तसं केलं आणि खरंच चाललं, मोबाईल नेटवर्क कार्डासारखा दिसायला लागला. पुढं पार्टिशन वगैरे झालं, डेस्कटॉप म्हणून नोम ठेवला, आणि पॅकेजं उतरायला लागली, एकूण हजाराच्या वर. साडेसातशेच्या आसपास आली असतील तेव्हा वेग एकदम बसला. दिवसाचा दीड जीबी संपला होता. संपल्यावर ६४ केबीपीएसनं चालतं, म्हणजे सेकंदाला आठ केबी. मी कागदावर गणित केलं, अजून सहाशे एमबी राहिलं असेल असं धरलं तरी एकवीस तास. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, आणि पावणेसहाला लाईट गेली. यूपीएस पंधरा मिनिटं पुरला.

दुसऱ्या दिवशी परत सुरुवातीपासून करता आलं असतं, दुप्पट डेटाचं रिचार्ज मारून. पण मी थांबले आणि डेबियनच्या इमेजच्या यादीकडे नीट बघितलं, जे आधीच करायला हवं होतं.

डेबियन तीन तऱ्हेची मुख्य इमेज देतं. एक ही नेटइन्स्ट. दुसरी लाईव्ह, तीन जीबीच्या पुढची, ती पेनड्राईव्हवरून थेट चालते, हार्डडिस्कला हात न लावता सगळं बघता येतं, आणि आवडलं तर तिथूनच इन्स्टॉल पण करता येतं. तिसरी डीव्हीडी, तिचा पहिला भाग म्हणजे डीव्हीडी-१ पावणेचार जीबीच्या आसपास, त्यात डेस्कटॉपसकट हजारो पॅकेजं आत असतात आणि नेट अजिबात नसलं तरी पूर्ण सिस्टीम उभी राहते. डीव्हीडीचे पुढचे भाग पण असतात, बहुतेक जिगडो नावाच्या साधनानं जुळवून घ्यावे लागतात, पण डेस्कटॉपसाठी पहिली एकटी पुरते. आता यात लोक फसतात ते नावामुळं. डीव्हीडी म्हटलं की वाटतं तबकडीच पाहिजे, आणि ड्राईव्ह नाही म्हणून माणूस ती ओळ सोडून पुढं जातो, मी पण तशीच गेले होते. पण ती फाईल पेनड्राईव्हवर तितकीच चालते, डेबियनच्या इमेज तशाच बनवलेल्या असतात की तबकडीवर लिहा नाहीतर पेनड्राईव्हवर, दोन्हीकडून बूट होतात.

मी डीव्हीडी-१ वर आले ते एवढ्याचसाठी, की आमचं नेट रत्नागिरीला आहे आणि कॉम्प्युटर गावात आहे. मोठी फाईल एकदा तिकडं उतरवून उचलून आणली की इकडं नेटचा एक थेंब लागत नाही. लहान फाईल घेतली तर राहिलेलं सगळं इकडंच ओढावं लागतं, ते पण जिथं सगळ्यात महाग आणि सगळ्यात हळू आहे तिथं.

कमिटीत विषय निघाला तेव्हा आमचे अध्यक्ष, वय ७८, म्हणाले की बाई त्यापेक्षा खरी डीव्हीडीच करून कपाटात ठेवा, पेनड्राईव्ह हरवतात. त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण मुद्दा बरोबर होता, अशी वस्तू वाचनालयाच्या ताब्यात राहायला पाहिजे. शिवाय गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे कोऱ्या डीव्हीडी अजून पडून होत्या, एकीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे इमेज बसली असती. मग मी आमचं मासिकांचं कपाट उघडलं. पूर्वी डिजिट आणि पीसीक्वेस्टबरोबर सीडी, डीव्हीडी यायच्या, आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी त्या सगळ्या पाकिटात घालून तारखेप्रमाणं लावून ठेवलेल्या. किती माया केली होती त्यांनी त्या वस्तूंवर! त्या काळी गावात नेट म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि लिनक्स बघायचं तर या सीडीशिवाय मार्ग नव्हता. मी एकेक बाहेर काढून उजेडात धरली. वरच्या बाजूला ठीक, पण उलटी केली की कडेकडेनं पांढरट जाळी, कोळ्यानं विणल्यासारखी, काहींच्या तर पत्र्याचा मुलामा सुटून आरपार दिसत होतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत बुरशी पुस्तकांना सोडत नाही तर तबकडीला काय सोडणार. नव्या कॅबिनेटला डीव्हीडी ड्राईव्हची जागाच नाही, जुना ड्राईव्ह काढून साटा केबलनं बाहेर लटकवून लावता आला असता, पण त्याच्या लेन्सवर तेरा वर्षांची धूळ. अध्यक्षांना चार तबकड्या नेऊन दाखवल्या. त्यांनी चष्मा काढून बघितल्या आणि म्हणाले, नको मग.

रविवारी एसटीनं रत्नागिरीला बहिणीकडे गेले. जाताना स्टॅंडजवळच्या एका टपरीवजा दुकानातून १२८ जीबीचा पेनड्राईव्ह घेतला, स्वस्त मिळाला, पाकिटावर नाव ओळखीचं होतं. बहिणीच्या घरी फायबर, पावणेचार जीबी चहा होईपर्यंत उतरली. भाच्यानं लाईव्ह इमेज पण उतरवून दिली, म्हणाला आधी यातून चालवून बघ, सगळं हार्डवेअर ओळखतंय का ते कळेल. पेनड्राईव्हवर आधी लाईव्ह टाकली, मग त्यानं कोहा शिकवणारे व्हिडिओ टाकले, दीडेक जीबीचे, आणि शेवटी डीव्हीडी-१. रात्रीच्या गाडीनं परत.

सोमवारी आधी लाईव्ह इमेज ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर घेऊन चालवली आणि ते फार चांगलं केलं असं आता वाटतं. स्क्रीन, आवाज, प्रिंटर, सगळं जागेवर. आणि त्या वायफाय डोंगलचं कोडं पण सुटलं. हे स्वस्त रिअलटेकचे डोंगल लावल्या लावल्या स्वतःला सीडी ड्राईव्ह म्हणून ओळख देतात, आत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो म्हणून. जुन्या कॉम्प्युटरवर लावला तर खरंच सीडीचं चित्र आणि सेटअप दिसला. पूर्ण लिनक्स सिस्टीममध्ये यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम त्याला सीडीतून वायफायवर आणतो, इन्स्टॉलरमध्ये तो नव्हता, म्हणून तिथं डोंगल मुका. लाईव्हमध्ये काही सेकंदांत वायफायची खूण आली.

मग डीव्हीडी-१ त्याच ८ जीबीवर लिहिली आणि इन्स्टॉल सुरू केलं. पाया बसला, डेस्कटॉपची पॅकेजं बसायला लागली, आणि मध्येच लाल पान, ही पायरी अयशस्वी. परत केलं, परत तिथंच. एकदा वाटलं नवी डिस्कच खराब आली. छातीत धस्स झालं, देणगीचे पैसे, लोकांना काय सांगायचं.

भाच्याचा पहिला प्रश्न होता, मावशी चेकसम बघितलास का? नव्हता बघितला. डेबियन प्रत्येक इमेजबरोबर एक फाईल देतं, त्यात प्रत्येक इमेजचा एसएचए-२५६ आकडा असतो, ६४ अक्षरांचा. आपल्याकडच्या फाईलचा आकडा काढायचा आणि जुळवायचा, एक बाइट जरी इकडची तिकडं झाली तरी आकडा पार बदलतो. विंडोज ७ मध्ये वेगळं काही घ्यावं लागत नाही, सर्टयुटिल आधीपासून असतं, काळ्या खिडकीत कमांड द्यायची. आधी लाईव्हच्या फाईलचा काढला. भाचा तिकडून डेबियनच्या साईटवरचा आकडा चार-चार अक्षरांनी वाचत होता, मी इकडं पेन्सिलनं टिकमार्क करत होते, सोळा गट, सगळे जुळले. मग डीव्हीडीचा. पहिला गटच चुकला.

उतरवताना बिघडली असेल म्हणून त्यानं त्याच्या लॅपटॉपवरच्या मूळ फाईलचा काढला, तो बरोबर. म्हणजे बिघाड वाटेत झाला. मग एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम घेतला, तो पेनड्राईव्हवर खऱ्याखुऱ्या फाईली लिहितो आणि परत वाचून बघतो. १२८ पूर्ण तपासायला जुन्या यूएसबीवर दिवस गेला असता, म्हणून वरच्या फाईली काढून २० जीबीच तपासायला सांगितले. दीड तासानं निकाल आला, साडेसात जीबीच्या आत जे लिहिलं ते ठीक, त्याच्या पुढचं सगळं गेलेलं. पेनड्राईव्ह आतून ८ जीबीचा होता आणि कॉम्प्युटरला १२८ सांगत होता. लाईव्ह आणि व्हिडिओ पहिल्या भागात बसले म्हणून शाबूत, डीव्हीडीची शेपटी रिकाम्यात पडली. कॉपी करताना कुठंही एरर येत नाही, फाईलचा आकार बरोबर दिसतो, नाव बरोबर दिसतं! मला याचा खरंच राग आला. कुणी पोरीच्या लग्नाचे फोटो ठेवत असेल त्यावर, कुणी शाळेचे निकाल, आणि त्यांना कळणार पण नाही. आता कुणीही नवा पेनड्राईव्ह घेतला की मी आधी हे तपासायला लावते.

बहिणीनं १६ जीबीचा चांगला पेनड्राईव्ह बिलासकट घेतला, भाच्यानं तो तपासला, मग त्यावर डीव्हीडी-१ लिहून, लिहिलेलं परत वाचून जुळवून, गुरुवारी गावातल्याच एका काकूंबरोबर पाठवून दिला. भाचा स्वतः वेंटॉय वापरतो, त्यात एकाच पेनड्राईव्हवर चार-पाच आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या आणि चालू करताना यादीतून निवडायचं. सोयीचं आहे, मी नको म्हटलं. वाचनालयात उद्या माझ्या जागी दुसरं कुणी असेल, त्यांना पेनड्राईव्ह लावला की एकच गोष्ट समोर आली पाहिजे.

शुक्रवारी सकाळी लाईट असेपर्यंत उरकायचं म्हणून आठलाच वाचनालय उघडलं. यूईएफआयवालं नाव, ग्राफिकल इन्स्टॉल, मराठी. नेटवर्कच्या पानावर ‘आत्ता नको’. आणखी कुठलं माध्यम तपासायचंय का विचारतो, नाही. नेटवरचा मिरर, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात तो सर्व्हर, वापरायचा का, नाही. ही दोन उत्तरं महत्त्वाची, इथं हो म्हटलं की परत नेटच्या मागं लागणार. मग डेस्कटॉप निवडला आणि खुर्ची ओढून बसले. पेनड्राईव्हचा दिवा टिकटिक करत होता, पट्टी सरकत होती, वाचायला आलेली दोन मुलं काचेतून बघत होती. अर्ध्या तासाच्या आत झालं. पेनड्राईव्ह काढायला सांगितलं, काढला, मशीन परत चालू झालं आणि लॉगिनचं पान आलं. मराठीत. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला आणि पहिली ओळ वाचनालयाचं नाव टाईप केली. शिपाईमामा म्हणाले, अक्षर सुंदर दिसतंय.

एक गोष्ट नंतर करावी लागते. असं बिननेटचं इन्स्टॉल केलं की पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत डीव्हीडीचीच ओळ राहते, आणि काही नवीन टाकायला गेलं की सिस्टीम म्हणते डिस्क घाला. ती ओळ बंद करून डेबियनचा नेटवरचा पत्ता टाकला, सिक्युरिटीचा पण, आणि आता रात्री दिवसाचा जो डेटा उरतो त्यातून अपडेट घेते, बहुतेक दिवशी ते सत्तर-ऐंशी एमबीच्या आत भागतं. कोहा मात्र डेबियनच्या डीव्हीडीत मिळत नाही, त्यांची स्वतःची वेगळी रिपॉझिटरी, म्हणजे नेटवरचा पॅकेजांचा साठा, आहे, त्यासाठी अख्खा सीपीयूच दिवाळीत बहिणीकडे न्यायचा विचार आहे, पिशवीत गुंडाळून, एसटीच्या पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन.

१६ जीबीच्या पेनड्राईव्हला पांढरी पट्टी चिकटवली, त्यावर लिहिलं ‘डेबियन १३.१, डीव्हीडी-१, पुसू नये’. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात तो ६४ अक्षरांचा आकडा पेननं उतरवला, चार-चारच्या गटानं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर सांगेन काय आहे ते. बिलाच्या पावतीबरोबर पाकिटात घालून सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या आहेत, आणि ते पाकीट जुन्या सीडींच्या कपाटात ठेवलं नाही, ऑफिसच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवलंय, तिथं दुपारी ऊन येतं.